विलायतेत कुणी बोलवायला येत नाही

आमच्या मुलीला सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा त्या कॉलेजची सगळ्यात जास्त माहिती तिच्या बापाला होती. त्याने ते पाहिलं नव्हतं. पण तो डहाणू ते कासा जीप चालवतो, आणि जीपमध्ये बसलेला माणूस उतरेपर्यंत काही ना काही सांगतोच. कुणी म्हणालं, तिकडे भिंती काचेच्या असतात. कुणी म्हणालं, एकेका मुलामागे एकेक मास्तर असतो. संध्याकाळी घरी आला की तो हे सगळं मला ऐकवायचा, आणि सकाळी ऐकलेल्यात थोडी भर पडलेली असायची.

मला एवढंच वाटायचं की इतक्या लांब नेतात म्हणजे भरपूर शिकवत असतील. सकाळी बसवत असतील ते दिवेलागणीलाच सोडत असतील. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या शाळेत एकच गुरुजी चारही वर्ग बघायचे, आणि ते कामाला तालुक्याला गेले की आम्ही चिंचा पाडायला पळायचो. तिकडे असं चालत नसणार.

मुलीच्या डोक्यात तिसरंच होतं. तिला स्वतःची खोली मिळणार होती. तलासरीच्या वसतिगृहात ती लहानपणापासून राहिली, तिथे एका खोलीत इतक्या मुली की कूस बदलायची तर शेजारणीला सांगावं लागायचं. "आये, दार लावलं की मी एकटी. कुणी बडबड करणार नाही. वाचून वाचून फडशा पाडीन," असं म्हणत ती बॅग भरत होती. सुके बोंबील तिने कागदात, मग पिशवीत, मग परत पिशवीत बांधले, तरी वास येतच होता.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपून भात हिरवंगार उभं होतं, तेव्हा ती गेली.

पहिल्या व्हिडिओ कॉलला पाड्यातली अर्धी माणसं आमच्या ओट्यावर. तिने फोन फिरवून कॉलेज दाखवलं. काळ्या दगडाची जुनी इमारत, वर शेवाळ, बारक्या बारक्या खिडक्या.

"हा तर वसईचा किल्ला वाटतो," बाप म्हणाला. "काच कुठाय?"

"काच नाही बाबा. जुनं आहे म्हणून तर नावाजलेलं."

"गळत नाही ना?"

"एका कोपऱ्यात गळतं."

हे त्याने जीपमध्ये कुणाला सांगितलं नाही.

मग त्याने विचारलं, दिवसाला किती तास शिकवतात. ती म्हणाली, आठवड्यातून तीन-चार वेळा जायचं, तासाभराचं काम. बाकी आपलं आपण वाचायचं.

"वाचायचंच होतं तर इथे ओट्यावर बसून वाचलं असतंस," तो म्हणाला. "त्याला विमान कशाला?"

ती हसली. आणखी गमती सांगितल्या. तिथे शिकवणाऱ्या बाईंना नावाने हाक मारायची असते. हिच्या तोंडून ते काही येईना, म्हणून ही त्यांना कसलीच हाक मारत नाही. त्या वळून बघतील तोवर उभी राहते. आणि त्या वर्गात धडा विचारत नाहीत, तुला काय वाटतं ते विचारतात. "आता मला काय वाटतं ते पुस्तकात कुठं असतं?" ती म्हणाली, आणि ओट्यावरचे सगळे हसले.

मी त्या कॉलमध्ये नव्हते. म्हणजे होते, पण चुलीपाशी. फोनमध्ये आपलं तोंड दिसतं, त्याची मला लाज वाटते. मुलीला माझा हात तेवढा दिसायचा. "आये, तुझं कोपर बरं दिसतंय," असं ती म्हणायची, आणि मी कोपरसुद्धा आत घ्यायची.

मी चिकूच्या वाडीत कामाला जाते. सकाळी झाडावरून उतरवलेले चिकू दुपारी शेडमध्ये निवडायचे. मोठा वेगळा, मधला वेगळा, बारका वेगळा, मऊ पडलेला बाजूला. आम्ही सातआठ बायका गोल करून बसतो. माझी थोरली जाऊही तिथेच असते. ती बोलते आणि बाकीच्या ऐकतात, असंच ठरल्यासारखं आहे. भात कापून झालं होतं, त्या सुमारास एका दुपारी माझा फोन वाजला. मुलगी बापाच्याच फोनवर करायची, माझ्यावर कधी नाही. मी उठून रिकाम्या क्रेटच्या मागे गेले.

"आये, मला परत यायचंय."

"आजारी पडलीस का?"

"नाही."

"कुणी काही बोललं?"

"कुणी बोलतच नाही गं. तेच तर. सकाळी खोलीतून निघते, लायब्ररीत बसते, परत येते. काल दिवसभरात मी दुकानदाराला थँक्यू म्हणाले, तेवढंच. चार वाजता अंधार पडतो."

"आणि अभ्यास?"

"पुस्तकं संपतच नाहीत. यादी देतात ही एवढी. मी पहिल्या पानापासून वाचत बसते आणि आठवडा उलटतो. मग वर्गात गप्प बसते. नाताळची सुट्टी लागली की येतेय, मग परत जाणार नाही. बाबांना आत्ता सांगू नको."

मी विचारलं, अर्ध्यात आलीस तर काय होईल. ती म्हणाली, मग डिग्री नाही, आणि असं परत कुणी पाठवणार पण नाही. एवढं सांगून तिने नाक ओढलं आणि फोन ठेवला.

मी परत येऊन चिकू निवडायला लागले. मला आधी आनंद झाला, पोरगी येणार म्हणून. दोन क्रेट भरेपर्यंत आनंद टिकला. मग आठवलं, आमच्या पाड्यावर दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली, आणि तिला बघून आता तीन पोरी तलासरीच्या वसतिगृहात राहतात. मी मोठ्यांमध्ये बारके टाकले, तर जाऊ म्हणाली, "डोळे कुठं ठेवून आलीस?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत फोन. आमची दुपार म्हणजे तिची सकाळ. काय बोलावं मला कळेना. मला माणसासमोर बोलता येत नाही, तर फोनवर काय येणार. शेवटी म्हटलं, "हे बघ, तू तुझं वाच, मी माझं निवडते. फोन असू दे चालू."

फोन मी क्रेटला टेकवून ठेवला, पडदा क्रेटकडे करून. संध्याकाळी बापाच्या फोनवर तिचा मेसेज आला, आयेला सांगा, आज पुस्तक अर्धं झालं. बापाला काही समजलं नाही. मला समजलं. जन्मभर पोरींच्या गोंगाटात अभ्यास केलेल्या मुलीला त्या खोलीत वाचता येत नव्हतं.

मग रोजचंच झालं. बायकांना मी काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडावं लागतं. तोवर जाऊ तिच्या नव्या सुनेचं सगळं रामायण रोज सांगत होती. सून भाकरी कशी थापते, सून केस विंचरायला किती वेळ लावते, सुनेने मुलाला कसं हळूच मोटारसायकल घ्यायला लावली. एका दुपारी ती म्हणाली, "आणि परवा मी विचारलं, आमटीत मीठ टाकलंस का, तर मला म्हणते, तुम्ही टाकलं असेल म्हणून मी टाकलं नाही. आणि मी टाकलं नव्हतं ती टाकील म्हणून. दोघी गप्प बसून अळणी जेवलो!"

क्रेटमागून कुणीतरी फसकन हसलं.

जाऊ दचकली. "हा फोन हसतो कसा?"

"काकी, पुढचं सांग ना," फोन म्हणाला.

"अगं बया!" जावेने कपाळाला हात लावला. "किती दिवस ऐकतेयस?"

"मोटारसायकलच्या आधीपासून."

बायका चिकू सोडून हसत सुटल्या. जाऊ माझ्याकडे वळली, "तू तर मुकी म्हणून प्रसिद्ध, आणि असले धंदे!" मग तिने फोन उचलला आणि नाकाजवळ धरला. "काय गं पोरी, तिकडे कुणी बोलायला नाही म्हणून आमचं ऐकतेस?"

ती सहज म्हणाली होती. पण पोरीचं सगळं बाहेर आलं. परत यायचंय हेसुद्धा.

"अगं पण तिकडे पोरी नाहीत का?"

"आहेत. त्यांचा घोळका आहे. पुस्तकं जास्त असली की त्या वाटून घेतात. एकीने एक वाचायचं, दुसरीने दुसरं, आणि गुरुवारी जमून एकमेकींना सांगायचं."

"म्हणजे आवणीसारखं," एक बाई म्हणाली.

"तसंच."

"मग तू का जात नाहीस?"

"मला कुणी बोलवायला आलं नाही."

यावर शेडमधली एकही बाई, तू वेडी आहेस, असं म्हणाली नाही. कारण आमच्याकडे असंच असतं. ज्याची आवणी असेल तो आदल्या संध्याकाळी घरोघर जातो, उंबऱ्याशी उभा राहतो आणि म्हणतो, उद्या आमच्याकडे या. मग माणसं जातात, आणि त्यांच्या आवणीला तो येतो. न बोलावता कुणी दुसऱ्याच्या शेतात उतरत नाही. उतरला तर लोक म्हणतील, घरी जेवायला नाही वाटतं. आणि एखाद्या घराला बोलावणं गेलं नाही, तर त्या घराने समजायचं ते समजायचं.

"मग बरोबर केलंस," जाऊ म्हणाली. "आपण कशाला जायचं?"

मालकीणबाई तेवढ्यात वजनकाट्यापाशी आल्या होत्या. त्या गुजराती, पण मराठी आमच्यासारखंच बोलतात. त्यांनी विचारलं, "पण काही निरोप-बिरोप?"

"पहिल्या दिवशी एक मेसेज आला होता सगळ्यांना. ज्यांना यायचं असेल त्यांनी या, असा."

"झालं की मग बोलावणं!"

"हे कसलं बोलावणं?" जाऊ उसळली. "ज्यांना यायचं त्यांनी या! असं काय गुरांना म्हणतात?"

"अगं बाई, आता लग्नाच्या पत्रिकासुद्धा फोनवर येतात. मी जाते ना?"

"तुम्ही जाता. मी नसते गेले."

दोघींचं अर्धा तास चाललं. बायका दोन्हीकडून बोलल्या, पण बहुतेक जावेच्या बाजूने. चिकू तसेच पडून राहिले आणि मालकीणबाईंना ते उशिराच दिसलं.

संध्याकाळी जाऊ कासा बाजाराला गेली. कुणाच्या जीपमधून, ते सांगायला नको.

तो घरी आला, हातपाय धुतले, ओट्यावर बसला. जेवायला वाढलं तरी हात लावेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिने सांगू नको म्हटलं."

"जावेला सांगितलंस."

"मी नाही, फोनने सांगितलं."

त्याला हसू आलं नाही. म्हणाला, "येऊ दे. रडत बसण्यापेक्षा येऊ दे. मुंबईला जीप घेऊन जाऊ आणायला." मग दोन घास खाल्ले आणि थांबला. "पण पॅसेंजरला काय सांगायचं? एवढे दिवस मी काय काय बोललोय."

"सांगा, थंडी सोसली नाही."

त्याने विचार केला. "थंडी चालेल."

दुसऱ्या दिवसापासून त्याने इंग्लंडची थंडी वाढवायला घेतली. चारोटी नाक्यावर माझ्या ओळखीच्या बाईने मला विचारलं, तिकडे म्हणे बर्फ कमरेपर्यंत येतो आणि पोरांना काठी टेकत कॉलेजला जावं लागतं? मी म्हटलं, हो. खोटं बोलताना मला एकच शब्द लागतो, त्यामुळे पकडले जात नाही. रविवारी त्याने जीप धुतली. सीटची कव्हरं काढून वाळत घातली. पोरगी येणार म्हटल्यावर तो रुसलेला असूनही खुशीत होता.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मी तिला म्हटलं, बाबांना कळलंय.

"ओरडले?"

"नाही. ये म्हणतात. जीप धुऊन ठेवलीय."

बाप ओरडेल म्हणून तिने तयारी केली असणार, आणि ती फुकट गेली.

"आणि तू?" तिने विचारलं.

शेडमधल्या सगळ्या बायकांनी हात थांबवले. जावेने तर कान पुढे केला. मी क्रेटमागेसुद्धा गेले नाही, तिथेच बसून बोलले. "तू ये. पण येण्याआधी त्या पोरींना विचार, मला का नाही बोलावलं. काय ते तोंडावर सांगा म्हणावं. तसंच न विचारता आलीस तर मला म्हातारपणापर्यंत लागून राहील, की माझ्या पोरीचं काय चुकलं होतं."

जाऊ म्हणाली, "बघा, एवढं बोलते ही!"

मुलगी म्हणाली, "आये, असं इथं कुणी विचारत नाही."

"मग तू विचार. नाहीतरी निघालीसच."

मग दोन दिवस फोन नाही. मला वाटलं, उगाच बोलले. बाप विचारायचा, विमान कोणत्या तारखेचं, आणि मी काही सांगू शकत नव्हते.

गुरुवारी आमची संध्याकाळ झाली तेव्हा फोन आला, बापाच्या फोनवर. आवाज मोठा, दम लागलेला.

"भांडण झालं माझं!"

"कुणाशी?" बाप उभाच राहिला.

तिच्याच मजल्यावर दोन खोल्या सोडून एक उंच मुलगी राहते, आफ्रिकेतली. पुस्तकं वाटून देण्याचं काम तिच्याकडे. सगळ्यांच्या स्वयंपाकघरात ती चहा करत होती, तेव्हा हिने जाऊन सरळ विचारलं, मला का नाही बोलावलं. तर ती उलट हिच्यावरच चिडली. म्हणाली, आम्ही वाट बघितली, तूच आली नाहीस. आम्हाला वाटलं, ही सगळं एकटी वाचते, हिला आमची गरज नाही. आम्हीच नावं ठेवत होतो तुला.

"मी म्हटलं, दोन दारं सोडून राहतेस, दार वाजवायला काय झालं होतं? तर म्हणते, इथे कुणी कुणाचं दार वाजवत नाही, तुला माहीत नाही का? मी म्हटलं, तुझ्या गावी वाजवतात का? तर म्हणते, माझ्या गावी दारच नसतं दिवसा! मग मी आणखी चिडले. म्हटलं, मग तुला तर कळायला पाहिजे होतं!"

"बरोबर बोललीस," बाप म्हणाला.

"इंग्रजी संपलं माझं. शेवटचं मराठीत बोलले. तीपण तिच्या भाषेत काहीतरी बोलली."

"मग?"

"मग काल संध्याकाळी दार वाजलं. दारात उभी राहून म्हणाली, उद्या ये. आत आली नाही, बसली नाही. तेवढं बोलून गेली."

बापाने माझ्याकडे बघितलं. मी चुलीपासून उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिले होते.

"गेले होते आज. आत्ताच आले. सहा जणींनी सहा पुस्तकं सांगितली, आये. मी महिन्याभरात एवढं वाचलं नव्हतं. त्यातलं एकपण कुणी पूर्ण वाचत नाही. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचतात, मधलं चाळतात. मी वेड्यासारखी पान न् पान वाचत होते, बांधापर्यंत लावल्याशिवाय शेत सोडायचं नाही तशी."

"मग आता विमान कधीचं?" बापाने विचारलं.



"मी त्यांच्याकडून सहा पुस्तकं ऐकून आले बाबा. माझं एकपण दिलं नाही अजून. सुट्टी संपली की पहिल्या गुरुवारी माझा नंबर लावलाय. घरी येऊन परत इकडे यायचं तर दोन तिकिटं लागतील, तेवढे पैसे नाहीत."

पुढचं आम्हाला सांगायची गरज नव्हती. सहा घरं तुमच्या शेतात राबून गेली आणि तुमची जायची वेळ आली तेव्हा तुम्ही गाव सोडलंत, असं आमच्यात कुणी करत नाही. केलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"मग जायलाच पाहिजे," बाप म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. "मोठं आहे का पुस्तक?"

"सगळ्यात जाड. नवीन आलीय म्हणून मलाच दिलं."

"बघा! सासुरवास सगळीकडे सारखाच," असं म्हणून तो हसला, आणि ती पण हसली. मग त्याने फोन माझ्या हातात दिला. मी तो नीट समोर धरला. पडद्यावर माझं तोंड दिसत होतं, मी त्याच्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. ती बारीक झाली होती. केस कापले होते, हे तिने सांगितलं नव्हतं.

"आये, तू रागावलीस का? येते म्हणाले होते."

"नाही."

"मग बोल ना काहीतरी."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी म्हटलं, "केसांना तेल लाव."

ती येणार होती म्हणून मी या वर्षीच्या नव्या भाताचे तांदूळ कांडून डब्यात वेगळे ठेवले होते, घरात कुणाला हात लावू दिला नव्हता. नाताळच्या दिवशी वाडीला सुट्टी होती. मी ते शिजवले आणि आम्ही दोघे जेवायला बसलो. भात वाफाळत होता. तो म्हणाला, "बरं झालं नाही आली, तिला एवढ्यात पुरलं नसतं." मग त्याने ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "जास्त वाढलास गं." मीही माझ्या ताटात तेवढंच वाढून घेतलं होतं, तिच्या वाट्याचं दोघांत. आम्ही सावकाश जेवलो आणि सगळा भात संपवला.